सोबत मोनोग्राम, एक नग

विषय : पिकअप गाडीच्या मागे लावलेला मोनोग्राम आणि गाडीचा खरा प्रकार यांत आढळलेल्या तफावतीबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा स्वहस्ताक्षरातील अर्ज. अर्जदार गाडीचा मालक नाही, चालक नाही, वारसही नाही. मालकिणीचा धाकटा भाऊ आहे.

सोबत : मोनोग्राम, एक नग.

तर प्रकरण असं आहे. दिवे आत्ताच काही येत नाहीत आणि तुम्हाला काहीतरी खरंखुरं ऐकायचं आहे, म्हणून सांगतो. आधी ते मोबाइल उलटे ठेवा. खालून उजेड पडलेली तुमची तोंडं बघून मलाच धडकी भरते. आणि मधेच कुणी कुणाच्या पाठीत बोट खुपसायचं नाही.

पिकअप गाड्यांच्या एका शोरूममध्ये हा माणूस सेल्समन होता. चांगल्या ओळखीचा. सगळे त्याला ब्रोशर म्हणायचे, कारण कंपनीचं माहितीपत्रक त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. पोरं पाढे म्हणतात तसा तो गाडीचे प्रकार म्हणायचा. गाडी एकच, प्रकार तीन : बेस, मिडल आणि टॉप. इंजिन तिन्हींना तेच, पत्रा तोच. बेसची काच हाताने फिरवून खाली घ्यायची, मिडलची बटणाने. टॉपला पुढे धुक्यातले दिवे, मागे चंदेरी अक्षरांचा मोनोग्राम, आत दोन एअरबॅग आणि ब्रेकला ए.बी.एस. म्हणजे तुम्ही ब्रेकवर उभे राहिलात तरी चाकं जाम होणार नाहीत, गाडी घसरणार नाही. मिडल आणि टॉप शेजारी उभ्या केल्या, तर दिव्यांचा आणि मोनोग्रामचा फरक तेवढा दिसतो. बाकीचा फरक अपघात झाल्यावर दिसतो. हे शेवटचं वाक्य माहितीपत्रकात नव्हतं.

ब्रोशरला एक मोठी बहीण. तिचे यजमान म्हणजे त्याचे दाजी. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या उचलायच्या आणि उजाडायच्या आत मासळी बाजारात टाकायच्या, हा दाजींचा वीस वर्षांचा धंदा. जुना टेम्पो पार खिळखिळा झाला होता. एका रविवारी जेवताना दाजी म्हणाले, "आता एक पिकअप घ्यावी म्हणतो. मिडल बरी पडेल का हो मेव्हणे?"

ब्रोशरच्या तोंडात घास होता. तो गिळायचीही वाट न बघता तो बोलून बसला, "मिडल कसली, दाजी? मी असताना? मिडलच्या भावात टॉप आणून देतो."

ताईने सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू भाऊ परीक्षेत पहिला आला. आणखी एक पोळी त्याच्या ताटात पडली.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरकडे विषय काढला. मॅनेजर पोट धरून हसला. "ब्रोशर, ते तुझे दाजी आहेत रे. कंपनीचे नाहीत."

आता बघा. इथून उठायचं, ताईकडे जायचं आणि म्हणायचं, "जमलं नाही." दोन शब्द. दाजी मिडल घेऊन खूश झाले असते. पण ती जास्तीची पोळी घशात अडकली होती. ब्रोशरने काय केलं? मिडलच गाडी काढली. स्वतःच्या पदरचे पैसे घालून धुक्यातले दिवे बाहेरून बसवून घेतले. सुट्या भागांच्या काउंटरवरून टॉपचा मोनोग्राम घेतला आणि शोरूमच्या मागच्या आवारात, कुणी बघत नाही असं पाहून, फडक्याने पत्रा पुसून तो चिकटवला. ह्या व्यवहारात त्याला एका पैचाही फायदा नव्हता. आमच्या खात्यात असं प्रकरण आलं असतं, तर गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा ह्यावरच तीन बैठका झाल्या असत्या.

गाडीचे कागद दाजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. त्यांवर स्पष्ट "मिडल" छापलेलं होतं. पण घरच्या माणसाने आणलेली गाडी. कागद कोण वाचतो?

एवढ्यावर थांबला असता, तरी निभावलं असतं. पण माणूस एकदा थाप मारून बसला, की तिची निगा राखावी लागते. दाजींची ब्रेक मारायची एक पद्धत होती. दाब, सोड, दाब, सोड. तळपायाने हलक्या टाळ्या वाजवल्यासारखी. वीस वर्षं ओल्या रस्त्यांवर बर्फ वाहिलेला पाय तो. ब्रोशर शेजारी बसला होता. त्याला वाटलं, टॉप गाडीचा मालक असा ब्रेक मारताना कुणा जाणकाराने पाहिलं, तर काय म्हणेल?

"दाजी, हे काय टेम्पोसारखं? टॉपला असं करायचं नसतं. एकदम दाबायचा आणि दाबून धरायचा. बाकीचं गाडी बघते."

"पाय ऐकत नाही हो, मेव्हणे."

"सवय होईल."

झाली. आठवडाभर दाजी मोकळ्या मैदानावर जाऊन सराव करत होते. म्हाताऱ्या पायाला नवीन अक्षर गिरवायला लावावं, तसे.

बर्फाच्या कारखान्याकडून बाजाराकडे येताना कालव्याजवळ एक उताराचं वळण आहे. बर्फाच्या गाड्यांतून गळणाऱ्या पाण्याने तिथला रस्ता बारा महिने ओला. एका पहाटे तिथे काहीतरी आडवं आलं. कुत्रं असेल, रेडकू असेल. दाजींनी शिकवल्याप्रमाणे ब्रेक एकदम दाबला. दाबून धरला.

सकाळी माणसं जमली तेव्हा रस्त्यावर टायरच्या दोन काळ्या पट्ट्या होत्या. वळण डावीकडे आणि पट्ट्या मात्र सरळ, कालव्याच्या दगडी कठड्यापर्यंत. "नशीब," लोक म्हणाले. "भरवशाची गाडी, तरी बघा." त्या पट्ट्या वाचता येणारा एकच माणूस त्या घोळक्यात होता. तो खाली मान घालून उभा होता. लोकांना वाटलं, दुःख.

दाजी गेल्यावर तीन-चार दिवसांनी ताईने विचारलं, "ते फुगे असतात ना रे टॉपला? ते नाही का फुगले?"

"तिरकी धडक बसली की नाही फुगत, ताई."

"अस्सं." मग भेटायला येईल त्या प्रत्येकाला ती स्वतःच समजावून सांगू लागली. तिरकी धडक होती, फुगे फुगत नाहीत. माझा भाऊ त्याच धंद्यात आहे ना. त्याला सगळं माहीत असतं. ब्रोशर त्याच खोलीत, भिंतीला टेकून बसलेला असायचा.

गाडीचं इंजिन बचावलं होतं. पत्रा ठोकून, रंग मारून ती परत उभी राहिली. मोनोग्रामला ओरखडासुद्धा नव्हता. बर्फाचं गिऱ्हाईक सोडून चालणार नव्हतं, म्हणून ताईने रात्रीचा एक ड्रायव्हर ठेवला. आणि महिन्याभरात गाडी फटाके फोडायला लागली. म्हणजे बॅकफायर. फाट्‌ करून असा आवाज, की झाडावरची पाखरं उठावीत.

मिस्त्री तोंडात स्क्रू धरून बोलणारा. पहिल्यांदा म्हणाला, "प्लग गेलेत. लिहून देतो." प्लग बदलले. मग म्हणाला, "एअर फिल्टर चोंदलाय. इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त. लिहून देतो." फिल्टर बदलला. मग सायलेन्सरचा जोड गळतोय म्हणाला, मग टायमिंग, मग सेन्सर. दर खेपेला त्याला तितकीच खात्री.

"अहो, पण बॅकफायर होतं म्हणजे नक्की काय होतं?" ब्रोशरने एकदा वैतागून विचारलं. माहितीपत्रकात हे नव्हतं.

मिस्त्रीने स्क्रू हातात काढला. "सोपं आहे, साहेब. जे आत जळायला पाहिजे ते आत जळत नाही. तसंच कच्चं पुढे जातं आणि मग भलत्या जागी जाऊन पेटतं."

ब्रोशरने पैसे दिले आणि तो निघाला.

नोव्हेंबर संपत आला आणि ड्रायव्हरने ताईच्या घरी किल्ली आणून ब्रोशरसमोर टेबलावर ठेवली. म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही, साहेब. ती कुठेही वाजत नाही. फक्त कालव्याच्या वळणाआधी वाजते. आणि त्या वळणावर..." तो थांबला. ताई स्वयंपाकघरात आहे ना, हे त्याने मान वळवून पाहिलं. "माझ्याआधी दुसरंच कुणीतरी ब्रेक मारतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दुसरं काम मिळालंय."

झालं. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत बर्फ कोण नेणार? ब्रोशरच नेणार. घरचा माणूस आणि त्यातून गाड्यांतला जाणकार.

नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार उलटून गेला होता. रात्रीचे पावणेतीन. कारखान्यात त्याने लाद्या मोजून घेतल्या, भुसा पसरला, वर ओली गोणपाटं टाकली. निघताना ताईचा फोन आला. झोपलीच नव्हती.

"हळू जा रे. आणि ब्रेक लागला, तर तू ह्यांना शिकवलं होतंस ना, तसाच मार. एकदम दाबून."

"...हो, ताई."

रस्त्यावर कुणी नव्हतं. धुकं होतं, पण जाड नाही. बाहेरून बसवलेले ते दोन दिवे पिवळे जळत होते. मागून बर्फाचं पाणी टप टप गळत होतं. कालव्याची हवा लागली तशी त्याने काच वर घेतली. बटणाने. मिडल होती ना.

वळणाचा उतार सुरू झाला.

फाट्‌.

मागे सायलेन्सरमध्ये. त्याने ॲक्सिलरेटर सोडला. इंजिन एकदा थरथरलं आणि बंद पडलं. गाडी आपल्याच ओघाने दहा-बारा हात गेली आणि थांबली. त्याने हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. किल्ली काढून फुंकली आणि हातात धरली.

फाट्‌.

किल्ली त्याच्या हातात होती.

ऐकताय ना? इंजिन बंद आणि किल्ली हातात. आतापर्यंतच्या सगळ्या कारणांत हे कारण मिस्त्रीने लिहून दिलं नव्हतं.

तो हलला नाही. दिवे आपोआप मंद झाले. पाण्याची टपटप थांबली. कालवासुद्धा गप्प. मग पायांजवळ काहीतरी चिरकलं. अगदी बारीक.

त्याने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय सीटखाली ओढलेले होते.

ब्रेकचं पेडल खाली गेलं.

वर आलं.

खाली गेलं. वर आलं. हलक्या टाळ्या वाजवल्यासारखं. दाब... सोड... दाब... सोड...

"दाजी..."

पेडल थांबलं.

थांबलं, म्हणजे अर्ध्यात थांबलं. कुणी पाय ठेवून वाट बघावी, तसं.

काय बोलायचं? माफी मागायची? ब्रोशरच्या तोंडाला फक्त एकच भाषा येत होती. माहितीपत्रकाची. त्याने तीच सुरू केली.

"गाडीचा प्रकार... मिडल."

पेडल एकदा खाली गेलं. वर आलं.

"ए.बी.एस.... नाही."

खाली. वर.

"एअरबॅग... नाही. दोन्हीही नाहीत."

खाली... वर.

"धुक्यातले दिवे, बाहेरून बसवलेले. मोनोग्राम..." नाक, डोळे, सगळं वाहत होतं. "मोनोग्राम मी लावला, दाजी. आणि ब्रेक... तुमचा पाय बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता."

पेडल अगदी तळापर्यंत खाली गेलं.

मग पेडल सावकाश वर आलं. मागे बर्फाचं पाणी पुन्हा गळायला लागलं. टप. टप.

तो खाली उतरला. हत्यारांच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मोनोग्रामच्या खाली घालून तो उचकटला. एक एक अक्षर निघालं नाही, सगळा अख्खा निघाला. तो त्याने कालव्यात भिरकावला. पाण्यात पडल्याचा आवाज येईल म्हणून थांबला.

आवाज आला नाही.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. बाजारापर्यंत एकदासुद्धा वाजली नाही. हमालांनी लाद्या उतरवल्या. शेवटची लादी उतरवताना एकजण म्हणाला, "साहेब, ह्यात काय गोठलंय हो?"

लादी कारखान्यातून आलेली. साच्यात जमायला दीड दिवस लागतो. ब्रोशरने टॉर्च मारला. बर्फाच्या बरोबर मधोमध, हात घालता येणार नाही अशा जागी, चंदेरी अक्षरं होती. सरळ. वाचता येतील अशी.

हमालाने टोचा मारून ती काढून दिली. ब्रोशरने रुमालात गुंडाळली.

सकाळी तो ताईकडे गेला. जाताना सगळी वाक्यं जुळवून गेला होता. ताईने चहा दिला. म्हणाली, "मी ठरवलंय. ड्रायव्हर बघायचाच नाही आता. गाडी मीच चालवणार. ह्यांच्याबरोबर बसून बसून अर्धी शिकलेच आहे. अर्धी तू शिकव."

तो कपाकडे बघत म्हणाला, "ताई, ब्रेक जरा... पंप करत मारत जा. दाब, सोड. दाजी पूर्वी मारायचे तसा."

"का रे? टॉपला एकदम दाबायचा, असं तूच तर म्हणाला होतास."

हीच ती वेळ. रुमाल खिशात होता. गार लागत होता. मांडीला ओल लागली होती.

"...हो," तो म्हणाला.

ताई हसली. "रात्रभर जागलास, म्हणून असं बोलतोस. जा, झोप जा."

तो झोपायला गेला नाही. तो सरळ गाड्यांच्या नोंदणीच्या कार्यालयात गेला आणि त्याने अर्ज लिहिला. टेबलावरच्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"आमच्या दप्तरी तुमची गाडी पहिल्यापासून मिडलच आहे," कारकून म्हणाला. "आमच्याकडे चूक नाहीच. मग दुरुस्त काय करायचं?"

"मालकिणीला कळवा."

"काय कळवू?"

"गाडी मिडल आहे, एवढंच. कार्यालयाकडून."

"टपालाने?"

"...टपालाने चालेल."

"मालकीण राहते कुठे?"

ब्रोशरने मान खाली घातली. "आमच्याच मागच्या गल्लीत."

कारकुनाने चष्मा काढून पुसला. हसायची त्याची सवय होती. पण त्या दिवशी नाही हसला. त्याने अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला : 'मालकाची सही नाही. सही घेऊन सादर करावा.' आणि अर्ज परत पुढे सरकवला. ब्रोशरने तो हातात घेतला नाही. सोबत म्हणून रुमालातला मोनोग्राम टेबलावर ठेवला आणि उठून गेला. सहीसाठी अर्ज न्यायला आजतागायत आलेला नाही.

काय? नाही, त्या कारकुनाचं नाव विचारायचं नाही. गोष्ट त्याची नाही.

ताई गाडी चालवायला शिकली. चांगली चालवते. रोज पहाटे बर्फ नेते. मोनोग्राम कुठे गेला असं तिने विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला, पडला असेल. तिला त्याचं एवढं काही वाटलं नाही. फक्त एकदा तिने त्याला सांगितलं, "गाडी परत वाजायला लागली रे. पण फक्त त्या वळणाआधी. मिस्त्री म्हणतो, खोलून बघू. मी म्हटलं, राहू दे. वाजली की दचकून माझा पाय आपोआप सुटतो, गाडी हळू होते. ब्रेक मारायची वेळच येत नाही बघ."

भाऊ ऐकत होता. एका वाक्याचं काम. ते रोज पहाटे दाजी करतायत, आणि ज्याच्या तोंडात ते वाक्य आहे, तो समोर बसून चहा पितो.

अर्जाचं म्हणाल, तर तो कपाटात मधल्या कप्प्यात आहे. कारकून निवृत्त झाला तेव्हा त्याने चार्ज दिला. नव्या बाईंनी कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "वरून गळतं का हो इथे?"

वर छत कोरडं. वरचा कप्पा कोरडा, खालचा कोरडा. मधल्या कप्प्यात तेवढं पाणी साठलेलं. बाईंनी फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी परत होतं. बर्फासारखं गार, आणि त्यात लाकडाच्या भुशाचे दोन-चार कण. अर्जाचा कागद भिजलेला नाही, शाई फुटलेली नाही. फक्त मोनोग्राम ओला असतो.

बाई आता तो कप्पा रोज सकाळी पुसतात. मालकिणीची सही झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.